प्रेमलालकाका आणि खोटी पाटी

मित्रांनो, बालाघाटच्या एका कॉलेजच्या ऑफिसात खिडकीशेजारी जो जुना, पिवळट पडलेला संगणक दिसतो ना, तो मी. दिल्लीहून ट्रकने आलो तेव्हा माझ्या काचेत लोक आपला भांग बघत.

या कॉलेजात चाळीस संगणक होते आणि ते सारे सांभाळायची मयुरी. पंख्याच्या आवाजावरून ती आमचे दुखणे ओळखायची. तिच्याइतकी हुशार मुलगी मी पाहिली नाही. पण चालू करायचे साधे बटणही न दाबता "संगणक बिघडला" म्हणून ओरडणाऱ्यांचा तिला फार राग येई. मग ती त्यांना गमतीदार शिक्षा करी. कुणाचा पडदा उलटा करी, कुणाच्या कीबोर्डवरची अक्षरे अदलाबदल करून ठेवी. सारे ऑफिस हसायचे. खरे सांगतो, मीही हसायचो.

माझ्यासमोर बसायचे प्रेमलालकाका. किरनापूरहून रोज बसने येत. दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक बटण दाबण्याआधी क्षणभर थांबत. एकदा त्यांनी सफाईसाठी माझी वायर चालू कामातच काढली. मयुरीने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात एक खोटी पाटी बसवली. दुपारी ती आपोआप उमटली : 'तुमच्या चुकीमुळे सर्व फाइली पुसल्या जात आहेत.' खाली आकडा चढू लागला. दहा टक्के, अकरा टक्के.

त्या वेळी पाटीच्या मागे वसतिगृहात खोली द्यायच्या मुलींची यादी उघडी दिसत होती. सकाळी ती प्राचार्यांकडे जायची होती. काकांनी मयुरीला दोनदा फोन लावला. तिने मुद्दाम उचलला नाही. काका घाबरून धावत येतील, अशी तिची अटकळ होती.

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी कोरे कागद ओढले आणि यादी उतरवायला घेतली. अक्षर सुटे आणि नीट होते. त्यांची पाचची बस निघून गेली.

शेवटी मयुरीच आली. व्हिडिओ काढायला तिने मोबाइल हातात धरला होता.

"काका, काय करून राह्यले?"

"नावं उतरवून राह्यलो. बोलू नको बेटा, आकडा चौऱ्याहत्तरवर गेला. दूर उकवा गावच्या पोरीईले खोली नाही भेटली, तं बाप घरी बसवतीन त्याईले."

मयुरीने मोबाइल खाली घेतला. टेबलावर एक्कावन्न नावे लिहून झाली होती.

"काका, हे खोटं हाये. मीच लावलं होतं."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे नावं हायेत?"

"हौ. सारी हायेत."

"बरं झालं," काका म्हणाले आणि त्यांनी पेन ठेवला. मग हळूच बोलले, "मले वाटलं, माह्यानंच झालं."

 मयुरीने कागद गोळा केले, स्कूटी काढली आणि काकांना किरनापूरला घरापर्यंत सोडून आली.

दुसऱ्या दिवशी ती चाळीसही संगणकांसमोर एकेक करून बसली. सगळ्या गमती तिने काढून टाकल्या. मग स्टूल ओढून काकांजवळ आली. "विचारा काका. एकच गोष्ट दहादा विचारली तरी चालते."

काकांनी खरोखर दहादा विचारले. मयुरीने दहाही वेळा सांगितले. तिला मी हुशार म्हणून आधीच मानत होतो. त्या महिन्यात ती मला मोठी वाटू लागली.

आता ऑफिसात नवे संगणक आले आहेत. काम माझ्याकडे उरले नाही, पण नवखा माणूस आला की न घाबरता बटणे दाबून बघायला पहिला दिवस त्याला माझ्यासमोर बसवतात. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मोठे माणूस मोबाइल पुढे करून "हे काहून चालत नाही?" म्हणेल, तेव्हा तो हातातून हिसकावून घेऊ नका. जरा शेजारी बसा. आणि माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात दिसला, तर कोरड्या फडक्याने त्याची धूळ पुसा. पंख्यात गेली की आम्हाला दम लागतो.