मँड्रेकची पाटी

सूनबाईच्या औषधी बागेतल्या पाट्या लिहायचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं. दुपारी बाग लोकांसाठी उघडायची होती आणि मँड्रेक नावाच्या विलायती रोपाची पाटी तेवढी कोरी होती. 'मुळी माणसासारखी दिसते, म्हणून हे नाव' असं लिहून मी दोनदा पुसलं होतं.

"बाबा, आता काय अडलं?" सूनबाईनं विचारलं.

"अगं, नाव मुळात ग्रीक आहे. त्यात 'मॅन', म्हणजे माणूस, इंग्रजांनी मागाहून घुसवला. आणि ग्रीकांकडे ते कुठून आलं, यावर पुस्तकांचंच एकमत नाही. मला नाही जमायचं. दुसऱ्या कुणाला सांग."

"कुणाला? तुमच्या लेकाला? त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! तुम्हाला ज्याची खात्री आहे, तेवढंच लिहा की."

मी भीत भीत ब्रश उचलला. 'मँड्रेक. नाव ग्रीकांकडून आलं. त्याआधीचं कुणालाच नक्की ठाऊक नाही.'

तिनं पाटी वाचली, हसली आणि कुंडीत घट्ट रोवली.

"पुढच्या आठवड्यात गुलाब येतायत, बाबा. त्यांचंही बघून ठेवा."

मी लगेच शब्दकोश शोधायला उठलो.