रंगाऱ्याला ठाऊक होतं

झाडपाल्याने रोग बरे करणाऱ्या गुरुजींच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या मानेत गाठ, कुणाच्या पोटात. गुरुजी पेल्यातल्या पाण्याने चूळ भरायला लावत आणि पिवळ्या कापडावर थुंकायला सांगत. कापड लालभडक होई. हे पेशीपेशीतलं विष, असं म्हणून ते पाल्याच्या रसाची बाटली हातात ठेवत. दर खेपेला लाली फिकी पडे आणि लोकांचे डोळे भरून येत.

रंगाऱ्याची बायको त्याच रांगेतली. तिच्या मानेतली कर्करोगाची गाठ वेळेत सापडली होती. दवाखान्यातल्या केमोच्या दोन सलाइनींत निम्म्याने उतरलीही होती. पण केस गळाले, उलट्यांनी ती पिळून निघाली. तिसऱ्या सलाइनला दोघं गेलीच नाहीत. "झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही," असं तोच तिला म्हणाला होता.

चौथ्या खेपेला कापड पिवळंच राहिलं. केस येतील म्हणून तिने नवा कंगवा घेतला.

दोन महिन्यांत तिला श्वास पुरेना, तेव्हा तो तिला परत दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. झाडांमधले काही अर्क काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवतात, पण माणसाच्या शरीरात त्यातले फार थोडे टिकतात, असं त्यांनी समजावलं. जे टिकतात ते शुद्ध करून, मोजून, माणसांवर तपासून द्यावे लागतात. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही अर्धवट सोडलेल्या औषधांतलं एक सदाफुलीतूनच काढलेलं होतं."

नवव्या दिवशी ती गेली.

वीस वर्षं तो कापडं रंगवत होता. हळदीच्या रंगाला चुना लागला की तो लाल होतो, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. गुरुजींसमोर मात्र त्याने डोळे मिटून घेतले होते. ती बरी व्हायला हवी होती ना.

महिन्याने तो हळदीचं कापड आणि चुन्याची निवळी घेऊन सभागृहात गेला. सर्वांदेखत त्याने निवळीची चूळ थुंकली. कापड लाल. मग दुसऱ्या कोपऱ्यावर साध्या पाण्याची. पिवळंच.

"मला काही रोग नाही," तो म्हणाला. "आधी पेल्यात निवळी, मग थोडी थोडी कमी, शेवटी नुसतं पाणी. एवढंच आहे हे."

"दुःखाने याचं डोकं फिरलंय," गुरुजी म्हणाले.

"फिरलं होतं. तेव्हा मी तुमच्या रांगेत होतो." तो लोकांकडे वळला. "ज्यांनी उपचार सोडलेत, त्यांनी आजच परत जा. औषध पाल्याचं असो की कशाचं, ते कुणी तपासलं, किती जणांवर, हे विचारा. मी विचारलं नाही."

अर्धी रांग हलली नाही. एक म्हातारा मात्र लेकीचा हात धरून बाहेर आला आणि त्याने दवाखान्याची वाट विचारली. रंगारी त्यांच्यासोबत गेला. चिठ्ठी कोणत्या खिडकीवर काढायची, कोणत्या जिन्याने वर जायचं, सगळं त्याला पाठ होतं.