पट्ट्याची गाठ

गाठ तीच. शबनम पिशवीच्या पट्ट्याला वरच्या अंगाला मारलेली, निळ्या दोऱ्यानं टाचून पक्की केलेली – क्रांती चौकातल्या बसथांब्यावर इंद्रजीतला आधी ती गाठ दिसली, मग तपकिरी पिशवी, आणि मग ती ज्याच्या खांद्याला होती तो केयूर, बायकोच्या शाळेतला चित्रकलेचा नवा मास्तर, उंच, दाढी राखलेला, बसची वाट बघतानाही कुणी आपलं चित्र काढतंय अशा थाटात उभा. पट्टा त्याला आखूड होता, पिशवी काखेतच अडकली होती, आणि तरीही ती त्याला शोभत होती. हे जास्त झोंबलं.

माझी पिशवी... इंद्रजीतनं ब्रीफकेस या हातातून त्या हातात घेतली.

विशाखानं ती शिवली आमच्या लग्नाच्या आधी, कॉलेजात असताना. अंदाज चुकला, पट्टा लांब झाला, मग तिनं माझ्या खांद्यावरच गाठ मारली, हलू नका म्हणाली, आणि दोरा दातानं तोडताना तिचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं... तेव्हा औरंगाबादेत शिकणारा जो तो शबनम लटकवून हिंडायचा. पत्रकं, पुस्तकं, भाकरी, सगळं तिच्यात. बाबांनी जन्मभर जे काय नेलं-आणलं ते उपरण्याच्या टोकाला बांधून, करमाडहून आले की म्हणायचे, "बाप्या माणसाला पिशवी कशाला लागती रे?"

पुढे वाळूजला कारखाने आले, शहर चहूकडे पसरलं, बाजारात ब्रीफकेसा आल्या, आणि बघता बघता तहसिलीत शबनम घेऊन येणारा मी एकटा उरलो. टंचाई शाखेत टँकर मागायला येणारी माणसं, खुर्चीला पिशवी अडकवून बसलेल्या मलाच विचारायची, "सायेब कुठं हायेत?" ब्रीफकेस टेबलावर ठेवली त्या दिवशी फुलंब्रीकडचे धोंडिबा म्हातारे उठून उभे राहिले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! त्याच संध्याकाळी शबनम कोपऱ्यात भिरकावून विशाखाला म्हटलं, भांडी पुसायला घे.

तिनं ती उचलून आत नेली. पुढे डब्यातली आमटी तेवढी बंद झाली, कारण ब्रीफकेसमध्ये डबा आडवा पडतो. पहिल्याच आठवड्यात टँकरचे अर्ज पिवळे झाले होते. हौसेनं ब्रीफकेस घेतलेली आमची सगळी कचेरी आता सुकी भाजी खाते. पाण्याची बाटलीही तिच्यात मावत नाही, आणि या दुष्काळात कचेरीतला माठ दुपारीच कोरडा पडतो. शबनममध्ये डबा उभा राहायचा, शेजारी बाटली...

बाटली! केयूरच्या पिशवीतून सरबताच्या बाटलीची मान वर आली होती, बुचाला लाल चिंधी. आमच्या घरची बाटली, आमच्या घरची चिंधी. नळाला चार-चार दिवस पाणी नाही, वाटीवाटीनं पुरवायचं, आणि त्यातलं बाटलीभर याला! म्हणजे पिशवी दिली ती रिकामी नव्हे.

कचेरीत त्याचं लक्ष लागेना. अर्ज वाचावा तर अक्षरांऐवजी विशाखाचा हात दिसायचा, त्या दाढीवाल्याच्या खांद्यावर पट्टा सारखा करणारा. पण गाठ सोडलेली नाही... उंच माणसाला द्यायची तर सोडली असती की नाही? एवढ्याशा गाठीला तो दिवसभर धरून राहिला.

संध्याकाळी विशाखा माठावर फडकं बांधून पाणी गाळत होती.

"केयूरकडे आपली पिशवी दिसली," तो शक्य तितक्या सहज म्हणाला.

"दिली मी. त्याची फाटली होती. तुम्ही तर भांडी पुसायला काढली होती ना?"

"आणि पाणी?"

"शाळेत थेंब नाही पाण्याचा. बाटलीभर दिलं तर काय झालं?"

"...गाठ नाही सोडलीस."

"तो म्हणत होता सोडा, आखूड होतेय. मी नाही सोडू दिली." ती खाली बघून हसली, जुनं काही आठवून हसावं तसं. "त्या गाठीपायी त्याला डावा खांदा उचलून चालावं लागतं. शाळेच्या फाटकातून आत जाताना मागून बघितलं की वाटतं, तुम्हीच निघालात. कॉलेजातले."

"रोज बघतेस?"

"बघते की."

आता हायसं वाटायला हवं होतं. केयूरवरचा राग उतरलाही होता. पण त्याच्या जागी दुसराच कुणी येऊन उभा राहिला – विशीतला, फाटक्या चपलांचा, ज्याला कुणी साहेब म्हणत नव्हतं आणि ज्याला बघायला माझी बायको रोज फाटकाशी थांबते. त्याचा हेवा वाटला, केयूरपेक्षा जास्त. पण त्याच्याशी भांडणार कसं?

इंद्रजीतनं ब्रीफकेस उचलली आणि तो आतल्या खोलीकडे निघाला, सावकाश, डावा खांदा जरा वर धरून. दारापाशी त्यानं वळून पाहिलं.

विशाखा पाणी गाळत होती.