कुडाआडची

आमच्या जुन्या घरात चुलीची जागा आणि पुढची खोली यांच्यात भिंत नव्हती, कूड होता. कापूस वेचून झाला की ज्या वाळक्या पळाट्या उरतात, त्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायच्या, झाला कूड. दर दिवाळीला मी त्याच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरवायची. उन्हाळ्यात त्याला भेगा पडायच्या आणि पलीकडचं बोलणंच काय, पलीकडचा श्वाससुद्धा अलीकडे यायचा. आता तिथं विटांची भिंत आहे. चांगली आहे, पण पलीकडचं काही ऐकू येत नाही.

आमचं गाव वालूरच्या अलीकडे. मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली कापूस चांगला आला. माझे मालक कापसाची गाडी घेऊन सेलूला गेले. सूर्यभान त्यांचं नाव. जन्मभर मी ते तोंडानं घेतलं नाही, लिहायला हरकत नाही. सेलूच्या बाजारात गाड्यांची ही लांब रांग लागायची आणि माणसं भरल्या कापसावरच अंग टाकायची. पहाटे पुढची गाडी हलली तसे आमचे बैलही आपसूक हलले. मालक झोपेत होते. खाली आले ते डोक्यावर, चाकाच्या लोखंडी धावेवर.

माझा भाऊ किशनराव आणि माझी सासू त्यांना रेल्वेनं औरंगाबादेच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी आमच्या सत्यशीलाला घेऊन घरी थांबले; ती तेव्हा नुकती बोबडं बोलणं सोडत होती. कापसाची बोंडं संपत आली तेव्हा त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वरची जखम भरली, पण मार आतवर गेलाय. काही दिवस वेगळंच बोलतील, त्यांच्याशी हुज्जत घालू नका, गोळ्या चुकवू नका. किशनरावानं हे मला दोनदा सांगितलं. वेगळं म्हणजे काय, ते त्याला सांगता आलं नाही.

गाडी दारात थांबली. मालक उतरले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. बैलांच्या पाठीवर थाप मारली, त्यांना नावानं हाका मारल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले. तांब्या घेतला नाही.

"पाय दाव," म्हणाले.

मला वाटलं, पायाला काही लागलंय का विचारतायत. मी लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. त्यांनी वाकून बघितलं. चकव्याच्या बाईचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं.

"पाय तर सरळच हायत," ते हळूच म्हणाले. "मंग कोण हाईस तू?"

त्या दिवसापासून मी माझ्या घरात परकी झाले. त्यांना आई ओळखू यायची, लेक ओळखू यायची, वस्तीतला जो येईल तो ओळखू यायचा. मीच तेवढी मी नव्हते. ते आईला सांगायचे, ही ती न्हाई. हिनं तिचं लुगडं नेसलंय, तिच्या बांगड्या घातल्यात, हनुवटीवरचा तीळ बी तसाच केलाय, लय हुशारीनं केलंय. मी भाकरी वाढली की आधी कुत्र्याला तुकडा टाकायचे आणि ते खाऊन कुत्रं उभं राहिलं की मग जेवायचे. रागावत नव्हते. रागावले असते तर बरं होतं. नुसते डोळ्यात डोळे घालून विचारायचे, "तिला कुठं ठिवलंस?"

सासूला मी आत्याबाई म्हणायची. सरजाबाई नाव, बाई खमकी. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात घालून ओढ्याला नेऊन टाकणारी तीच. आता शेजारची दगडाबाई येऊन तिच्या कानाशी लागली. मरीआई उलटली म्हणे. टाकलेला देव असा सूड घेतो. आत्याबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओढ्यात टाकलेला देव वापस येत न्हाई. अन आला तर आधी माझ्याशी गाठ हाय त्याची." दगडाबाई निघून गेली. पण त्याच संध्याकाळी मी पाणी भरताना मागं वळून बघितलं तर आत्याबाई माझ्या पायांकडं बघत होती. माझी नजर जाताच तिनं तोंड फिरवलं.

मी तिला दोष देत नाही. मी स्वतःसुद्धा बघायला लागले होते.

कुणी म्हणालं, अमक्या गावाला वेड्यांना साखळीनं बांधून ठेवतात, तिथं नेऊन सोडा. आत्याबाईला ते पटलं नाही. तिनं दुसरी तोड काढली. ताडकळसहून किशनरावाला बोलावलं आणि मला समोर बसवून सांगितलं की तू काही दिवस माहेरी जा. तू दिसलीस की त्याचं डोकं फिरतंय. मी विचारलं, सत्यशीला? ती जमिनीकडं बघून म्हणाली, "लेकरू हितंच राहील. माझ्या लेकाला मायेचं तेवढंच हाय." किशनराव म्हणाला, पुढचा बाजार झाला की न्यायला येतो, बोचकं बांधून ठेव. काही दिवस म्हणजे किती, हे कुणी बोललं नाही. नवऱ्यानं नाकारलेली बाई एकदा माहेरी गेली की परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. आत्याबाई बाहेर गेली होती, मालक पुढच्या खोलीत बाजेवर पडले होते. मी कुडाच्या आड बसून तूर निवडत होते. त्यांच्या समोर जायचं मी टाळायचीच. सत्यशीला ताट सोडून उठली, तसं मी आतूनच म्हणाले, "सत्या, भाकर टाकू नये माय, खाऊन घे."

पलीकडून बाज करकरली.

"कवा आलीस तू?" मालक म्हणाले.

तो त्यांचा जुना आवाज होता. दवाखान्यातून आल्यापासून मी तो ऐकलाच नव्हता. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी म्हणाले, "अवो, मी हितंच होते."

"लय दिस लावलेस," ते म्हणाले. मग सेलूच्या रांगेचं बोलले, बैलांचं बोलले, औरंगाबादेच्या दवाखान्यात वरण कसं पाणचट देतात ते सांगून हसले. मी तोंडात पदर कोंबून रडत होते आणि मधूनमधून हुंकार देत होते. शेवटी न राहवून मी उठले आणि कुडाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्यांचं तोंड दार लावावं तसं मिटलं.

"आत्ता बोलत होती ती," ते म्हणाले. "काय केलंस तिला?"

मी मागं सरले, परत कुडाआड जाऊन बसले. बऱ्याच वेळानं बोलले, "मी हाय, काळजी करू नका." पलीकडं त्यांनी सुस्कारा सोडला.

तेव्हा मला कळलं. त्यांच्या कानांना मी पटत होते, डोळ्यांना पटत नव्हते. का, ते मला आजही कळलेलं नाही.

मग रोजचंच झालं. सकाळी बाहेरची बाई त्यांना पाणी द्यायची, अंथरूण काढायची, खाली मान घालून शेण गोळा करायची. दुपारी कुडाआडची त्यांच्याशी बोलायची. ती म्हणाली तरच ते गोळ्या घ्यायचे. ती म्हणाली तरच अंघोळ करायचे. त्यांच्या ताटातली अर्धी भाकर ते कुडाच्या खालच्या भगदाडातून आत सरकवायचे. "खा, ती बाई तुला उपाशी ठिवत आसंल," म्हणायचे. मीच थापलेली भाकर मी लपून खायची. सत्यशीलानं एकदा विचारलं, "माय, आतली तू चांगली का भायेरची?" मला आतल्या बाईचा हेवा वाटायला लागला होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ते कुडाला तोंड लावून बोलले. आवाज अगदी बारीक.

"उद्या त्या बाईला हिरीवर नेतो. मंग तुला भायेर येता येईल."

विहिरीवर कशाला, ते मला कळलं. मी म्हणाले, "नका नेऊ. राहू द्या तिला, कामाची हाय."

"तू भिऊ नको," ते म्हणाले. इतक्या मायेनं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

आत्याबाईला सांगितलं असतं तर त्यांना साखळी पडली असती. न सांगता उद्याचा दिवस टाळला असता तर परवा किशनराव मला घेऊन गेला असता आणि मागं ते कुडाशी बोलत बसले असते, पलीकडून कुणी ओ दिली नसती. मला तेच दिसत होतं. रिकाम्या चुलीपाशी कुणी नाही आणि पलीकडून विचारणं चाललंय, ऐकायलीस का, ऐकायलीस का.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, "चल, हिरीचं पाणी किती खाली गेलंय बघू." मी निघाले.

वावरात चिटपाखरू नव्हतं. पळाट्या उपटून ढीग घातले होते, त्यामुळं रान सपाट आणि मोठं दिसत होतं. आमची सावली पायाखालीच होती. ते पुढं, मी मागं. विहिरीपाशी आल्यावर ते थांबले आणि मला पुढं केलं.

"वाक. बघ."

मी वाकले. पाणी लय खाली होतं, काळं, आणि त्यात एक तोंड होतं. पाठीवर त्यांचा हात टेकला. मी त्या पाण्यातल्या तोंडाकडं बघितलं आणि मला खरंच वाटलं, ही कोण?

काय सुचलं ते सुचलं. मी विहिरीत तोंड घालून म्हणाले, "अवो, मी हाय."

विहिरीनं ते शब्द फिरवून वर पाठवले. मी हाय. हाय.

पाठीवरचा हात निघाला. मालक माझ्या शेजारी येऊन कडेवर गुडघे टेकून बसले. "तू खाली हाईस?" म्हणाले आणि एक पाय कडेवरून आत टाकला. खाली उतरायला पायरी नव्हती, नुसता दगड होता.

मी मागून एका हातानं त्यांच्या कमरेला मिठी मारली. दुसऱ्या हातानं डोईवरचा पदर ओढून पार गळ्याखाली घेतला. मला काही दिसेना, त्यांनाही माझं काही दिसत नव्हतं. त्यांच्या कानाशी म्हणाले, "मी खाली न्हाई. मी वर आले. घरला चला."

त्यांचं अंग ढिलं पडलं. पाय मागं घेतला.

"ती बाई?"

"गेली."

ते बराच वेळ पाण्याकडं बघत असावेत. मग म्हणाले, "तू तोंड का झाकलंस?"

"माझं तोंड ती घेऊन गेली," मी म्हणाले.

वारा नव्हता. माझाच श्वास पदरात गरम गरम लागत होता. त्यांनी त्यावर विचार केला आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे." माझ्या पदराचं टोक त्यांनी हातात धरलं आणि लेकराला न्यावं तसं मला बांधाबांधानं घरी आणलं.

किशनराव दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी तोंडावर पदर घेऊन मालकांना वाढत होते आणि ते माझ्याशी बोलत जेवत होते. कुत्रं दारात बसून वाट बघत होतं, त्याला तुकडा मिळाला नाही. आत्याबाई काही विचारायला उठली, माझ्याकडं बघून खाली बसली. माझं बोचकं तिनंच सोडलं, लुगडी परत दांडीवर टाकली. किशनराव चहा पिऊन गेला.

पुढं मालक बरेच सुधारले. गाडी जुंपायला लागले, वावरात जायला लागले. मी त्यांच्यासमोर पदर कधी वर केला नाही. वस्तीतल्या नव्या सुना शिकलेल्या, त्या मला टोचायच्या की आक्का, सगळं जुनं सोडलं अन हे काय नवंच काढलं. आत्याबाई म्हणायची, "तिच्या तोंडाला ऊन सोसत न्हाई." रात्रीसुद्धा का, असं एकीनं विचारलं तर म्हणाली, "चांदणं बी सोसत न्हाई. तुला काय करायचंय?"

मग मालक रानात जाताना एक भाकर जास्त बांधायला सांगू लागले. मला वाटलं, कुत्र्यासाठी असेल. एकदा विळा विसरले म्हणून तो घेऊन मी मागून गेले. पदरातून जेवढं अंधुक दिसायचं तेवढ्यात मला दिसलं, ते विहिरीच्या कडेला बसून भाकरीचे तुकडे एक एक करून खाली सोडत होते.

मी जवळ जाऊन विचारलं, कुणासाठी?

"ती बाई होती न्हवं," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाची."

"ती तर गेली म्हणून मी सांगितलं होतं."

"गेली म्हन्जे हितंच गेली. माझा हात होता तिच्या पाठीवर, मला ठावं हाय." त्यांनी अजून एक तुकडा खाली सोडला. "वाईट नव्हती. दवाखान्यातून आलो तवा लय केलं तिनं माझं. भाकर बी तुझ्यावानीच थापायची."

पदर वर करावा म्हणून माझा हात कपाळापर्यंत गेला. पण त्यांच्या लेखी ती मेली होती, आणि ते तिच्यासाठी रडत होते. हात तिथंच राहिला, मग खाली आला. खाली पाण्यात तुकडे तरंगत होते.

मी विळा त्यांच्याजवळ ठेवला आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून तिची भाकर मी जरा मोठी थापायला लागले.