निळ्या काचांची खिडकी

मित्रांनो, मी महाबळेश्वरचे एक जुने चर्च आहे. इंग्रजांच्या काळात एका साहेबाने विलायती नकाशा आणला आणि इथल्या पाथरवटांनी मला घडवले. भिंती जांभ्याच्या, कमानी काळ्या दगडाच्या, वर निमुळत्या. त्या कमानींवर कुठल्याशा विलायती झाडाची पाने कोरायची होती. ते झाड आमच्या लोकांनी कुठे पाहिले होते! त्यांनी खुशाल जांभळाची पाने कोरली. मला तीच शोभतात.

माझा खरा तोरा मात्र निळ्या काचांच्या उंच खिडकीचा. दुपार कलली की तिचा उजेड वेदीसमोर पडतो आणि तिथे उभ्या असलेल्या नवरीचा पांढरा पदर निळा होतो. पण खिडकी नेमकी पावसाच्या बाजूला. म्हणून दरवर्षी पावसाआधी तिच्यावर गवताचा जाड तट्टा बांधतात. मग चार महिने मी आंधळे.

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले. माझी झाडलोट करणाऱ्या सुलाबाईच्या नातीचे, क्रांतीचे, लग्न तोंडावर आले होते. क्रांतीची आई आता नाही. त्याच निळ्या उजेडातला आईच्या लग्नाचा फोटो क्रांतीने जपून ठेवला आहे. तिला तिथेच, तसेच उभे राहायचे होते.

"लगीन हुईस्तोवर तट्टा बांधायचा न्हाई," सुलाबाई अडून बसली.

तट्टा बांधायला आलेला टॅक्सीवाला नानासो म्हणाला, "आवं मावशी, काचा लय ढिल्या झाल्यात. एका वाऱ्यात खिडकी खाली यील. मग क्रांतीच्या पोरीला काय दावनार?"

सुलाबाई वाटेतून उठली. तट्टा बांधला गेला. मला फार वाईट वाटले.

लग्नाच्या दिवशी आत दिवे लावले. क्रांती वेदीसमोर आली, तिने झाकलेल्या खिडकीकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. इतक्यात बाहेरून नानासोची आरोळी आली, "उचला रं गड्यांनो!"

स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांनी तट्ट्याच्या खालच्या दोऱ्या सोडल्या आणि लांब बांबूंनी तो छपरासारखा वर उचलून धरला. पाऊस त्यांच्या अंगावर, काचा कोरड्या. ढगाळलेला का होईना, निळा उजेड क्रांतीच्या पदरावर उतरला. शपथा पूर्ण होईपर्यंत तो तिथेच होता. सुलाबाई पदर तोंडाला लावून रडली. मलाही भरून आले.

मग तट्टा खाली आला. आता मी पुन्हा आंधळे आहे आणि पाऊस सरण्याची वाट पाहते आहे. काचा शाबूत आहेत. मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी म्हातारी इमारत असेल. तिच्यासाठी बांबू धरायला कोणी हाक मारली, तर ती आपली की परक्यांची, हे विचारत बसू नका. त्या दिवशी माझ्यासाठी भिजलेल्यांपैकी एकाचेही लग्न माझ्याकडे लागलेले नव्हते.