दोन ब्रेकांची, बिनकिल्लीची

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग एकेकाळी पिवळा होता, आता त्याला पिवळा म्हणायला मोठं मन लागतं. इतर गाड्यांना एक ब्रेक आणि एक क्लच असतो. मला दोन-दोन आहेत. एक जोडी उजवीकडे, शिकणाऱ्याच्या पायाखाली, आणि दुसरी डावीकडे, शिकवणाऱ्या बाईंच्या पायाखाली. होय, मी गाडी शिकवणारी गाडी आहे. माझ्या वाट्याला आलेला एकही चालक शहाणा नव्हता. जो शहाणा झाला, तो मला सोडून गेला.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. ठोकाठोकी, रंगाचा वास, आणि एके दिवशी दार उघडून आत बसलेल्या बाई, एवढंच आठवतं. बाई उंचीने बेताच्या. सीट पार पुढे ओढून बसत आणि पाठीशी उशी घेत. त्यांनी माझ्या टपावर पाटी लावली, डावीकडे पायाशी जादा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला, चोरांच्या भीतीने दारांच्या आत जाड पत्राही ठोकून घेतला. त्यानंतर सव्वीस वर्षं आम्ही दोघींनी मिळून अख्ख्या गावाला गाडी शिकवली. डॉक्टरांना शिकवली, दूधवाल्याला शिकवली, नवऱ्याला न सांगता गुपचूप येणाऱ्या तीन बायकांनाही शिकवली.

बाईंची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. त्या माझ्या पुढच्या फळीवर, काचेच्या आत, एक खडू उभा करून ठेवत. अंगठ्याएवढा जाड आणि दोन पेरं उंच. त्याखाली खरखरीत रबर, म्हणजे तो घसरू नये. गाडी सुरू करायची, गल्लीच्या चढावरून न्यायची, वळवायची, थांबवायची, आणि खडू पडता कामा नये. खडू पडला की बाई शांतपणे म्हणत, "पुन्हा." ओरडणं त्यांना माहीतच नव्हतं. शेवटच्या दिवशी त्या मांडीवरच्या वहीत शिकणाऱ्याचं नाव, खडू, रस्ता आणि निकाल अशा चार ओळी लिहीत आणि पान फाडून हातात देत.

एक शिकाऊ मला विशेष आठवतो. अंगापिंडाने दांडगा, पण क्लच असा सोडायचा की माझी हाडं खिळखिळी व्हायची. त्याने एका महिन्यात चाळीस वेळा खडू पाडला. बाईंनी त्याचं नाव ठेवलं झटक्या. तो लाजायचा, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हायचा. त्याला पान मिळालं तेव्हा तो लहान मुलासारखा रडला होता. त्याच्याबद्दल पुढे सांगेन.

बाईंची दुसरी रीत गाडी लावण्याची. आमची गल्ली चढाची. "गाडी लावून जाताना ती आपल्यावाचून हलणार नाही, याची जबाबदारी आपली," असं त्या रोज सांगत. म्हणून पहिला गिअर, हातब्रेक ओढलेला, पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली आणि मागच्या चाकाखाली दगड. डावी बाजू भिंतीला अशी चिकटवायची की मधून मांजरही जाऊ नये.

मग दिवस पालटले. बाई रस्त्यांची नावं विसरू लागल्या. मुलांना एकाच दिवशी दोनदा तेच सांगू लागल्या. हे आधी माझ्या लक्षात आलं, कारण त्यांच्यासोबत सर्वांत जास्त मीच असे. एका दुपारी शिकणाऱ्या मुलीच्या पुढ्यात अचानक सायकलवाला आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच डावीकडचा ब्रेक लागला नाही. मुलीने स्वतःच कसाबसा ब्रेक दाबला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. बाई आपल्या पायाकडे पाहत बसल्या. पायाने काय करायचं असतं, ते त्यांना त्या क्षणी आठवलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या एकट्याच आल्या. उजवीकडे बसल्या, सीट पुढे ओढली, खडू उभा केला आणि नेहमीच्या रस्त्याने मला घेऊन निघाल्या. काय सांगू, काय सुंदर चालवली! खडू तसूभरही हलला नाही. पण दुसऱ्या वळणाशी त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग काच खाली करून एका दुकानदाराला विचारलं, "दादा, आमची गल्ली कुठली हो?"

घरी आल्यावर त्यांनी मला नेमाने भिंतीला लावलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि वही डावीकडच्या, आपल्या सीटवर ठेवली. दार लावलं, चाकाखाली दगड ठेवला. मग दहा पावलांवरच्या गटाराच्या जाळीशी वाकून त्यांनी किल्ली आत सोडली. परत येऊन माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रागावू नकोस हं."

मी रागावले नाही, मित्रांनो. माझा ऊर भरून आला होता, पण गाडीला रडता येत नाही.

चार महिन्यांत बाई हेही विसरल्या. लेक त्यांच्याकडे राहायला आली. तिने माझ्यावर ताडपत्री घातली आणि किल्लीचा शोध सुरू केला. डबे पाहिले, उशांचे अभ्रे पाहिले, देवघर पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत! जाळी दहा पावलांवर, आणि मी ओरडून सांगू शकत नव्हते. लेक वाईट नव्हती, पण थकलेली होती. थकलेल्या माणसाच्या तोंडून जायचं ते जातंच.

"आई, आठव ना गं! एक किल्ली सांभाळता आली नाही तुला?"

"ठेवली असेन गं कुठेतरी," बाई म्हणायच्या. "मी कशी हरवली? मी हरवत नाही." मग रडायच्या. रोज तेच. ज्या बाईने स्वतःच्या हाताने आपलं सर्वस्व बंद केलं, ती बाई आता स्वतःला वेंधळी समजून रडत होती. मला गंज चढत होता त्याचं दुःख नव्हतं, याचं होतं.

अकरा महिन्यांनी माझी सोय लागली. गाड्या दुरुस्त करायला शिकवणाऱ्या एका शाळेला दोन ब्रेकांची गाडी हवी होती. अट एकच होती: काचा शाबूत, गिअर शाबूत. तसं नसेल तर नको. आणि त्यांनी नकार दिला, तर भंगारवाला दुसऱ्याच दिवशी येणार होता. आदल्या दिवशी तो येऊन मला न्याहाळून गेला होता. "किल्ली नाही? त्यात काय! साखळी लावू आणि फरफटत नेऊ," असं तो म्हणाला होता. चाकं अडकलेली असताना फरफटत नेलं तर गाडीचं पोट फाटतं. त्या रात्री मी जीव मुठीत धरून उभी होते.

सकाळी शाळेने पाठवलेला ट्रेलर आला. जीपमधून एक पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस उतरला. ताडपत्री काढली आणि तो थबकला. चाकं पाहिली, दगड पाहिला, काचेला नाक लावून हातब्रेक पाहिला.

"ताई," तो लेकीला म्हणाला, "ही बाईंची गाडी ना?"

"हो. तुम्ही ओळखता आईला?"

"मला झटक्या म्हणायच्या."

अंगणातल्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. तो जाऊन त्यांच्या पाया पडला. बाईंनी त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि शिष्टाचार म्हणून हसल्या. तो उठला आणि हात झटकून कामाला लागला.

आधी त्याने दाराच्या फटीत पट्टी घालून पाहिली. पण आतला पत्रा आडवा आला. "बाई, तुम्ही चोरांसाठी केलंत आणि सापडलो मी," असं तो पुटपुटला.

"काच फोडा ना एक," लेक म्हणाली. "दार झटकन उघडेल."

"काच फुटली तर शाळा घेणार नाही, ताई. आणि फोडली तरी स्टिअरिंगचं कुलूप निघत नाही, ते किल्लीशिवाय सुटत नाही. तसंच न्यावं लागेल." मग तो पुन्हा काचेतून आत पाहू लागला. "अरे देवा. खडू उभा आहे."

लेकीनेही पाहिलं. धुळीच्या पडद्याआड फळीवर तो पांढरा खडू अकरा महिने उभा होता.

"मग आता तो पडू देणार नाही," झटक्या म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

आधी त्याने माझ्या नाकाला ट्रेलरचा दोर जोडून ताणून धरला, म्हणजे ब्रेक सुटला तरी मी उतारावर मागे जाऊ नये. मग तो माझ्या पोटाखाली शिरला आणि हातब्रेकच्या तारेला तेल पाजून ती ढिली केली. पण अकरा महिन्यांत मागची चाकं ब्रेकला घट्ट चिकटली होती. ठोकल्याशिवाय सुटणार नव्हती, आणि ठोकलं की खडू हलणार. त्याने हातोडीला आपला रुमाल गुंडाळला आणि दारावर टिचकी मारावी तसं ठोकत राहिला. तासभर! लेक काचेशी उभी राहून सांगत होती, "उभा आहे... हलला, हलला... उभा आहे." अखेर चाक कुरकुरलं आणि सुटलं. मग दुसरं.

पुढची चाकं सुटणारच नव्हती. ती गिअरने धरलेली आणि भिंतीकडे वळलेली होती. त्याने जॅक लावून मला केसाकेसाने उचललं आणि त्या चाकांखाली छोटी छोटी चाकं लावलेल्या लोखंडी पाट्या सरकवल्या. गल्लीच्या खडबडीत फरशीवर पत्रे अंथरले. ट्रेलरच्या उताराला आणखी दोन लांब फळ्या जोडल्या, म्हणजे चढ सौम्य व्हावा. ट्रेलरवर विजेवर चालणारं ओढयंत्र होतं. त्याने ते चालूच केलं नाही.

"ते झटका देतं," तो म्हणाला आणि हाताने दांडा फिरवू लागला. एक फेरा, थांबायचं. पुन्हा एक फेरा. ज्याने माझी हाडं खिळखिळी केली होती, तोच माणूस मला झोपलेल्या बाळासारखं जपून ओढत होता. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला.

मी भिंतीपासून सुटले आणि माझ्या डाव्या काचेवर अकरा महिन्यांनी पहिल्यांदा ऊन पडलं. लेक आता त्या बाजूला आली होती. तिने पदराने काच पुसली आणि आत पाहिलं. डाव्या सीटवर वही उघडी पडली होती; उजवीकडच्या धुळकट काचेतून ती कुणाच्या नजरेत आली नव्हती. बाईंचं ठसठशीत अक्षर होतं.

"नाव: मी स्वतः," ती वाचू लागली. "खडू: उभा. रस्ता: चुकला. निकाल: नापास. आजपासून गाडी बंद."

झटक्याने दांडा अडकवून ठेवला, खाली येऊन वाचलं. त्याने दोनदा तोंडावरून हात फिरवला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "किल्ली हरवलेली नाही. बाईंनी गाडी बंद केलीय. ज्याला विसर पडलाय तो माणूस अशी चोख गाडी लावून जात नाही. हे विचार करून केलंय."

लेक तशीच अंगणात गेली आणि आईच्या पायाशी बसली. "आई, किल्ली तू हरवली नव्हतीस गं. कुणाला इजा होऊ नये म्हणून तू ती मुद्दाम दूर केलीस. मीच तुला उगाच बोलत राहिले."

"मी नाही हरवली?" बाईंनी विचारलं.

"नाही आई. तू कधीच काही हरवत नाहीस."

"तेच तर मी सांगत होते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. अकरा महिन्यांत तसा झाला नव्हता.

मग शेवटचे फेरे. फळ्या कण्हल्या, माझं नाक वर गेलं, खडू मागे कलला की काय असं वाटलं, आणि मी ट्रेलरवर सपाट उभी राहिले. झटक्याने चारही चाकं पट्ट्यांनी बांधली. लेक आईला हात धरून घेऊन आली. बाईंनी काचेतून खडूकडे पाहिलं, मग घामाघूम झालेल्या माणसाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "पास का?"

"आरसा पाहिलास?" बाईंनी विचारलं.

तो गडबडला. आत बसलाच नव्हता तर आरसा कुठून पाहणार! पण तो मुकाट्याने माझ्या बाजूच्या आरशाशी गेला, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि वाकून पाहिलं. आरशात त्याच्या मागे बाई दिसत होत्या.

"पाहिला, बाई."

"मग पास," बाई म्हणाल्या. "झटक्या, झटका नाही दिलास रे आज."

मित्रांनो, तो पुन्हा लहान मुलासारखा रडला.

आता मी शाळेत आहे. कुलूपवाल्याने नवी किल्ली बनवली. दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाऱ्याने खडू पडला. पडू दे, त्याचं काम झालं होतं. वहीचं ते पान गुरुजींनी माझ्या डाव्या फळीवर चिकटवलंय. मुलं माझं पोट उघडून शिकतात, कधी स्क्रू हरवतात, मला गुदगुल्या होतात. तुम्हीही या. हात काळे करा, पण काम झालं की मला पुसून ठेवा. गंज कष्टाने चढत नाही, विसरल्याने चढतो.

आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस विसरू लागलं, एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर लगेच "हरवलीस ना!" म्हणू नका. आधी त्याच्या बाजूला बसा. भिंतीकडची काच पुसून पाहा. आमच्या बाईंनी किल्ली हरवली नव्हती, आणि हे त्यांना सांगायला आम्हाला अकरा महिने लागले.