वारं येतं का

एकोणीसशे छत्तीस सालच्या वैशाखात मी भोरजवळच्या हिरड्याच्या कारखान्यात कारकून होतो. पुण्यात सात यत्ता शिकलो होतो आणि त्याचा मला नको तितका ताठा होता. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं ते त्या ताठ्यापायीच झालं.

हिरडा कुटून मोठाल्या कढयांत उकळायचा आणि तो अर्क कातडी कमवायला पाठवायचा, असा धंदा. सहा कढया, सहा चुली, वर पत्रा आणि आत-बाहेर करायला एकच दार. दुपारी आत उभं राहवत नसे. मला तर मुळीच नाही. मी दारातूनच काम बघायचो. कढया ढवळायला विंझर-वेल्ह्याकडच्या बायका असत.

मालकांनी पुण्याहून एक मिस्त्री पाठवला. तो म्हणाला, "माथ्यावरचा पत्रा उचलून फट ठेवा, भिंतींना खाली झरोके पाडा. खालून गार हवा शिरेल, वरून वाफ निघून जाईल." पण फटीतून पाऊस कढईत पडला तर माल नासेल, अशी मालकांना धास्ती. त्यांनी मला चिठ्ठी लिहिली: 'आठ दिवस चौकशी करा. कढयांपाशी वारं येतं की नाही ते कळवा. येत असेल तर पत्र्याला हात लावू नका.'

मी मुकादमाला, गेनबाला, दारात बोलावलं. पन्नाशीचा माणूस, कधी खोटं न बोलणारा.

"गेनबा, आत वारं येतं का?"

त्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं. मग हात जोडले. "येतं की, भाऊसाहेब. रोज येतं."

"कुठल्या कढईला?"

"पार आतल्या. धोंडाबाईला येतं. दुपारचं लई जोरात येतं."

हात कशाला जोडलेस, हे मी विचारलं नाही. खेड्यातली माणसं कारकुनापुढं हात जोडायचीच, असा माझा समज. आठ दिवस विचारलं, आठ दिवस उत्तर तेच. मी मालकांना कळवलं, सगळ्यात आतल्या कढईपाशीसुद्धा जोराचं वारं येतं. मिस्त्री चडफडत परत निघाला. "भिंतीला भोक नाही, अन् वारं येतं कुठून?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा इथल्या माणसांना जास्त कळतं."

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गेनबा लगबगीनं आला. "भाऊसाहेब, चला. आज आई लई जागृत हाय. दर्शन घ्या."

मला काही उमगेना. त्याच्यामागून आत गेलो. वाफेनं डोळे झोंबले. आतल्या कढईपाशी धोंडाबाई मोकळ्या केसांनी डुलत होती. तिशीची बाई, डोळे वर गेलेले, कपाळभर कुंकू. बाकीच्या बायका हात जोडून भोवती उभ्या. धगीपुढं इतका वेळ उभी होती, तरी तिच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

तिची धाकटी जाऊ फुलाबाई पदर पसरून पुढं झाली. "आई, काय मागणं हाय?"

"पानी," धोंडाबाई म्हणाली.

फुलाबाईनं तांब्या भरून आणला आणि भक्तिभावानं तिचे पाय धुतले.

"पानी."

फुलाबाईनं दुसरा तांब्या आणला. तोही पायांवरच ओतला.

गेनबा आठ दिवस मला काय सांगत होता, ते मला तेव्हा कळलं. देवी अंगात आली की ही माणसं 'वारं आलं' म्हणतात. धोंडाबाईला मात्र धग बाधली होती.

"तिला बाहेर न्या," मी ओरडलो. कुणी हललं नाही. मी पुढं झालो तर गेनबानं माझा दंड धरला. "वारं असताना हात लावू नगा. आईचा कोप व्हईल." धोंडाबाई कोसळली, तेव्हा कुठं त्यांनी मला तिला उचलू दिलं. बाहेर आंब्याखाली आणून डोक्यावर पाणी ओतलं, ओठांशी तांब्या धरला. पाणी गालांवरून ओघळून गेलं. भोरहून डॉक्टर पोचण्याआधीच ती गेली. बायका म्हणाल्या, आईनं तिला नेली. मला त्यांच्याकडं बघायची लाज वाटत होती.

मालकांना मात्र सगळं खरं लिहिलं. चार दिवसांत पत्रा उचलला गेला, झरोके पडले. तेरावा झाल्यावर फुलाबाई कामावर आली आणि मी नको म्हणत असताना जावेच्या कढईवर उभी राहिली. चुली तशाच धडधडत होत्या, पण वाफ वर निघून जात होती आणि पायांशी गार झुळूक लागत होती. मी आता दिवसभर आतच थांबायचो. बायका घामानं निथळायच्या, एकमेकींशी बोलायच्या. आठवडा गेला, कुणाच्या अंगात आलं नाही.

एका दुपारी फुलाबाईनं तांब्या तोंडाला लावला. निम्मं पाणी प्यायली आणि थांबली. तांब्यातल्या पाण्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"भाऊसाहेब, आमच्या जाऊबाई त्या दिशी पानी पियालाच मागत व्हत्या का?"

मला हो म्हणावं लागलं.